एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) २००८च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, ख्रिस पॉलपुढे जेसन किड एवढा हतबल का दिसला? आमच्या क्लबमध्येही पस्तिशीचा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून डाव चालवणारा खेळाडू) आहे, त्याला बाद फेरीत खेळवावं की बसवावं?

खेळवावं. फक्त ज्या कामात किड सापडला, ते काम त्याच्या गळ्यात घालू नका. त्यासाठी आधी तो नेमका कुठे सापडला ते बघावं लागेल, कारण ‘वय झालं होतं’ या उत्तराने तुमच्या प्रशिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही.

एप्रिल २००८. न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्स पश्चिम विभागात दुसऱ्या क्रमांकावर, डॅलस मॅव्हरिक्स सातव्या. हॉर्नेट्सचा पॉल २२ वर्षांचा, पहिल्यांदाच प्लेऑफ खेळणारा. डॅलसचा किड ३५ वर्षांचा, आधी न्यू जर्सीला २००२ आणि २००३ अशी लागोपाठ दोन वर्षं अंतिम फेरीत नेलेला. पॉलने पहिल्या सामन्यात ३५ गुण आणि १० असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) काढले, दुसऱ्यात ३२ आणि १७. पाचव्यात २४ गुण, १५ असिस्ट, ११ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), आणि मालिका ४-१ अशी संपली. पाच सामन्यांची सरासरी २४.६ गुण आणि १२ असिस्ट. चौथ्या सामन्यात तर ले-अपला निघालेल्या जानेरो पार्गोला खाली ओढल्याबद्दल किडला मैदानाबाहेर काढलं.

आकडे पाहून वाटतं की पॉलने किडला समोरासमोर धुऊन काढलं. पण किड हरला तो स्क्रीनवर, म्हणजे पॉलचा सहकारी वाटेत उभा राहून त्याला अडवायचा तिथे.

हॉर्नेट्सचा मुख्य डाव होता पॉल आणि उंच सेंटर टायसन चँडलर यांचा पिक अँड रोल: चँडलरने स्क्रीन लावायचा आणि मग बास्केटकडे वळायचं. स्क्रीन लागला की गार्डला तीन गोष्टी करायच्या असतात: तो येतोय हे वेळेत ओळखायचं, पुढचा पाय स्क्रीन लावणाऱ्याच्या पुढे घालून चेंडूवाल्याला चिकटून निसटायचं आणि अर्ध्या सेकंदात पुन्हा त्याच्या समोर यायचं. पहिली गोष्ट अनुभवाची आहे आणि त्यात किड पॉलपेक्षाही सरस असेल. तिसरी मात्र निव्वळ पायांची. सरळ रेषेतला वेग उशिरा जातो. आधी जाते ती करकचून थांबून, दिशा बदलून पुन्हा निघण्याची ताकद. म्हणून उतरत्या वयातला गार्ड फास्ट ब्रेकला (झटपट प्रतिहल्ल्याला) पळताना ठीक दिसतो आणि स्क्रीनवर अडकतो.

तो अर्धा सेकंद पॉल कसा वापरायचा, हे तुमच्या संघातल्या तरुण गार्डलाही दाखवा. स्क्रीन ओलांडला की तो वेग वाढवत नसे, उलट कमी करायचा. मागून धावत येणाऱ्याला पाठीवर घ्यायचा आणि त्याच्या आणि बास्केटच्या मधे स्वतःचं अंग ठेवून सावकाश फ्री-थ्रो रेषेच्या कोपऱ्याकडे सरकायचा. मागचा गार्ड आता पुढे येऊ शकत नाही आणि धक्का दिला तर फाउल. म्हणजे तो खेळातून बाद आणि समोरच्या उंच खेळाडूवर एकास दोन. हा उंच खेळाडू मागे राहिला की पॉलचा कोपऱ्यावरून जंप शॉट. एक पाऊल पुढे आला की वरून चँडलरला लॉब, म्हणजे उंच टाकलेला पास. आतली मदत यावी म्हणून कुणी हॉर्नेट्सच्याच डेव्हिड वेस्टला किंवा बाहेर उभ्या पेजा स्टोयाकोविचला सोडलं, तर पास तिकडे.

डॅलसपुढे इतर पर्याय होते, पण प्रत्येकाची किंमत मोजावी लागणार होती. स्क्रीनच्या खालून (बास्केटकडच्या बाजूने) गेलं, तर चँडलर दोन पावलं आत येऊन पुन्हा स्क्रीन लावणार. स्विच केलं, म्हणजे राखायची माणसं आपसात बदलली, तर डॅलसचा जड अंगाचा सेंटर एरिक डॅम्पियर बाहेर पॉलसमोर आणि सहा फूट चार इंचांचा किड आत सात फुटी चँडलरखाली. दोघांनी पॉलला घेरलं, तर वेस्टच्या हातात चेंडू आणि चार विरुद्ध तीन.

याचं मूळ फेब्रुवारीतल्या सौद्यात आहे. किडला आणण्यासाठी डॅलसने बरोबरच्या इतर गोष्टींसोबत डेव्हिन हॅरिस आणि डेसागाना डिओप हे दोघे दिले. हॅरिस म्हणजे पॉलच्या मागे धावू शकणारा तरुण गार्ड आणि डिओप म्हणजे बास्केटखाली शॉट अडवणारा उंच खेळाडू. या एका डावाला तोडण्यासाठी जी दोन माणसं लागतात, नेमकी तीच गेली. म्हणून मालिकेचा बराच वेळ पॉलवर जेसन टेरीला ठेवावं लागलं. तिसऱ्या सामन्यात त्याचा उपयोगही झाला: पॉलचे १८ पैकी फक्त ४ शॉट पडले आणि डॅलसने तो एकमेव सामना जिंकला. पण टेरी हा त्यांचा गुण मिळवणारा गार्ड. त्याचे पाय बचावात खर्च झाले की दुसऱ्या टोकाला चिमटा बसतो.

आक्रमणातही किडची कोंडी झाली आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्याचं सर्वांत मोठं अस्त्र म्हणजे बचावातला रिबाउंड स्वतः घेऊन तीन-चार सेकंदांत चेंडू पुढे पोचवणं. त्यासाठी प्रतिस्पर्ध्याचा शॉट चुकावा लागतो किंवा चेंडू हातून सुटावा लागतो. पॉल चेंडू क्वचितच गमावत असे आणि वरच्या डावातून सोपे शॉट पडत होते. मग प्रत्येक वेळी चेंडू जाळीतून काढून बेसलाइनवरून आत टाका, तोवर हॉर्नेट्सचे पाचही जण मागे हजर. संथ, मांडलेल्या खेळात किड बाजूला उभा आणि डॅलसचा मुख्य खेळाडू डर्क नोवित्स्की एकटा झुंजतोय. किडच्या शॉटची तेव्हा फारशी धास्ती नव्हती, म्हणून त्याचा माणूस खुशाल नोवित्स्कीकडे मदतीला सरकायचा. हॉर्नेट्सचे प्रशिक्षक बायरन स्कॉट न्यू जर्सीच्या त्या दोन्ही अंतिम फेऱ्यांत किडचेच प्रशिक्षक होते, ही गोष्टही लक्षात घ्या.

साखळीत हे सगळं झाकून जातं. ८२ सामने, रोज नवा संघ, तयारीला वेळ नाही. प्लेऑफमध्ये तोच संघ सात वेळा समोर येऊ शकतो. एकदा दुखरी जागा सापडली की प्रत्येक वेळी तिथेच बोट. शिवाय एनबीएच्या पंचांनी २००४-०५पासून बाहेरच्या बाजूला चेंडूवाल्याला हाताने रोखणं कडकपणे पकडायला सुरुवात केली. ज्याचे पाय मंदावले, त्याला आधी हाताचा आधार होता, तोही गेला.

आता याच माणसाचं २०११ बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. ३८ वर्षांचा किड त्याच डॅलसचा सुरुवातीच्या पाचातला पॉइंट गार्ड होता आणि संघाने मायामीला ४-२ हरवून विजेतेपद जिंकलं. पाय आणखी मंद झाले होते. बदललं होतं ते काम. नवे प्रशिक्षक रिक कार्लाइल त्याला चपळ गार्डमागे धावायला लावत नव्हते. कोबी ब्रायंट, केविन ड्युरंट, लेब्रॉन जेम्स अशा उंच, अंगाने मोठ्या खेळाडूंसमोर तो आळीपाळीने उभा राहायचा. ऐकायला उलटं वाटतं, पण असे खेळाडू अंग लावून, जागा करून खेळतात. तिथे किडची ताकद, जागा धरण्याची समज आणि झटकन चेंडूवर पडणारे हात उपयोगी पडले. दुसरं म्हणजे २००९-१०च्या हंगामात त्याचे तीन गुणांचे ४२ टक्क्यांहून जास्त शॉट पडले होते, त्यामुळे त्याला मोकळं सोडून नोवित्स्कीकडे जाणं महाग पडू लागलं. ओक्लाहोमाविरुद्धच्या चौथ्या सामन्यात अतिरिक्त वेळेतला निर्णायक तीन गुणांचा शॉट किडचाच. आणि बास्केटखाली होता टायसन चँडलर, आता डॅलसकडून. २००८मध्ये किडच्या डोक्यावरून लॉब घेणारा हाच माणूस आता त्याची चूक मागून निस्तरत होता.

२०२२मध्ये हीच पाळी पॉलवर आली. पॉलचा फिनिक्स ६४ विजय घेऊन आलेला अव्वल संघ, समोर डॅलस, आणि डॅलसचा प्रशिक्षक किड. दुसऱ्या सामन्यात पॉलने २८ गुण काढले. तिसरा सामना नेमका त्याच्या ३७व्या वाढदिवशी, ६ मे रोजी. पहिल्या भागातच त्याच्या हातून सात वेळा चेंडू गेला. चौथ्यात पाच गुण करून तो फाउल भरून बाहेर. सातव्यात फिनिक्स ९०-१२३ असा उडाला. मध्यंतरापर्यंत २३ वर्षांच्या लुका डॉन्चिचचे एकट्याचे २७ गुण होते आणि फिनिक्सच्या अख्ख्या संघाचेही २७. डॅलसची युक्ती साधी होती: रेजी बुलक पॉलला पूर्ण मैदानभर चिकटायचा. चेंडू हिसकावण्यापेक्षा २४ सेकंदांतले पाच-सहा सेकंद आणि पायातलं बळ काढून घेण्याचा हेतू जास्त. दुसऱ्या टोकाला पॉल ज्याला राखतोय त्यालाच स्क्रीनला आणायचं. तीस मिनिटं हे चाललं की चौथ्या क्वार्टरमध्ये सदतिशीच्या पायात काय उरणार?

तुमच्या गार्डसाठी आता सांगतो. आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांनी होतात आणि ते तुमच्या पथ्यावर आहे. एनबीएत बचाव करणारा उंच खेळाडू कुणाला न राखता बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबू शकत नाही, फिबात तसं बंधन नाही. तुमच्या सेंटरला आतच उभा ठेवा. समोरच्या गार्डचा बाहेरचा शॉट बेताचा असेल, तर तुमच्या अनुभवी गार्डला स्क्रीनच्या खालून जाऊ द्या. शॉट चांगला असेल, तर त्याच्यावर दुसरा तरुण खेळाडू लावा आणि अनुभवी गार्डला समोरच्यांतल्या सर्वांत कमी शॉट घेणाऱ्यावर ठेवा.

हुशार संघ मग त्या माणसालाच स्क्रीन लावायला आणेल. तेव्हा घाईने स्विच करू नका. तुमच्या गार्डने एक मोठं पाऊल बाहेर टाकून चेंडूवाल्याला क्षणभर अडवायचं आणि लगेच आपल्या माणसाकडे परतायचं. तेवढ्या वेळात मागच्या तिसऱ्याने तो मोकळा माणूस सांभाळायचा. हे बिघडतं ते जवळजवळ नेहमी आवाजामुळे: ‘डावीकडे स्क्रीन’ ही हाक स्क्रीन लागायच्या आधी आली पाहिजे, लागल्यावर आली तर व्यर्थ. दुसरी नेहमीची चूक म्हणजे त्याला कोपऱ्यातल्या शूटरवर ‘लपवणं’. तिथे मदतीला आत जाऊन पुन्हा बाहेर धावावं लागतं, म्हणजे तेच थांबणं आणि दिशा बदलणं. अंगाने भरलेला असेल, तर सरळ फॉरवर्डवर टाका. सडपातळ असेल, तर २-३ झोन (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव, वर दोन आणि खाली तीन) लावा आणि वरच्या जोडीत त्याच्याशेजारी सर्वांत चपळ पोरगा द्या.

आक्रमणात चेंडू वर आणायचं काम दुसऱ्याला द्या. आठ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडायचं असतं आणि त्या दडपणातच म्हातारे पाय संपतात. दुसऱ्या पासवर चेंडू त्याच्याकडे येऊ द्या, विचार तिथून त्याचा. समोरचा पोरगा बुटका असेल, तर तुमच्या गार्डला पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, त्याला पाठीवर घ्यायला लावा. त्यामुळे पोराचेही पाय खर्च होतात, जे बाहेर राहून कधीच होणार नाहीत.

चाळीस मिनिटांच्या सामन्यात त्याला २२ ते २५ मिनिटं द्या, एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त नको. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं बसवलं, तर पुढची दोन मिनिटांची सुट्टी आपोआप जोडली जाते. खेळाची दोनच मिनिटं गमावून चारांहून जास्त मिनिटांचा दम मिळतो.

बेंचवर एकाला कागद-पेन घेऊन बसवा. तुमचा गार्ड ज्याला राखतोय तो माणूस स्क्रीनमध्ये आला की एक रेघ, त्यावर समोरच्यांना किती गुण मिळाले ते पुढे. दोन क्वार्टरनंतर दर रेघेमागे एकाहून जास्त गुण जात असतील, तर मध्यंतरातच माणूस बदला, चौथ्या क्वार्टरची वाट पाहू नका. मैदानावर त्याच्या पायांकडे आणि हातांकडे लक्ष ठेवा. पाय हलवायच्या ऐवजी तो हात लांबवून चेंडूवर मारायला लागला, की दम संपलाय. फिबात पाच फाउलवर खेळाडू बाहेर जातो आणि क्वार्टरमधल्या संघाच्या पाचव्या फाउलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. तेव्हा असा पहिला हात दिसला की लगेच बदली मागा.