‘डिपोर्ट’ म्हणजे नक्की काय? गुहागरच्या भावाला उत्तर

2017च्या माफीत (बेकायदा राहिलेल्यांना दंडाशिवाय निघून जाण्याची मुभा) सौदीहून आउटपासवर, म्हणजे वकिलातीने दिलेल्या एकवेळच्या परतीच्या कागदावर परतलास, गाव म्हणतं ‘डिपोर्ट झाला’, आणि आता कॅनडाच्या अर्जात काय लिहू, असा तुझा प्रश्न. पगार, घरभाडं, थंडी यांवर भरपूर वाचायला मिळेल, ते सोडतो.

आपल्याकडे इकामा (सौदीचा राहण्याचा परवाना) संपलेला, कफीलशी (तिथल्या प्रायोजक मालकाशी) भांडून आलेला, विमानतळावरूनच परत फिरवलेला, सगळ्यांना एकच शिक्का. तडीपारी तर वेगळीच: महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जास्तीत जास्त 2 वर्षं ठरलेल्या हद्दीबाहेर. डिपोर्टेशन म्हणजे परक्या नागरिकाला सरकारी हुकमाने देशाबाहेर काढणं. मंडालेहून रत्नागिरीत आणलेला थिबा राजा किंवा 1908च्या शिक्षेत मंडालेला नेलेले टिळक या व्याख्येत बसत नाहीत.

नुसत्या आउटपासवरून डिपोर्ट ठरत नाही. त्या माफीत मुदतीत स्वतःहून निघालेल्यांवर सौदीने परत येण्याची बंदी घातली नव्हती. तरहीलमधून (डिपोर्ट करण्याआधीच्या कोठडीतून) बोटांचे ठसे घेऊन पाठवलेल्यांचं निराळं.

पण कॅनडाचा अर्ज ‘डिपोर्ट’ एवढंच विचारत नाही. कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला, प्रवेश नाकारला किंवा देश सोडायला सांगितलं का, असं विचारतो. तारखा, कागदाचा प्रकार, कारण, सगळं खुलाशात लिही. लपवलेलं सापडलं तर खोटी माहिती म्हणून 5 वर्षं दार बंद. एजंट ‘नाही लिहा’ म्हणेल. सही तुझी असते, त्याची नव्हे.

तिथे गेल्यावरचंही ऐकून ठेव. काढण्याचे हुकूम तीन. पहिल्यात 30 दिवसांत निघायचं आणि निघताना सीमा अधिकाऱ्याकडून निर्गमनाचा दाखला घ्यायचा. लोक नुसते विमानात बसतात, दाखला राहतो, आणि तोच हुकूम आपोआप डिपोर्टेशनचा होतो. मग खास परवानगीशिवाय परत प्रवेश नाही. दुसऱ्यात साधारण 1 वर्ष बंदी, खोट्या माहितीसाठी 5. तिसरा थेट डिपोर्टेशनचा.

ते 30 दिवस मुलांच्या परीक्षेसाठी थांबत नाहीत. वर्गातून मूल मध्येच उठवावं लागतं आणि त्याचा सल पुढे कागद सरळ झाले तरी उरतो, म्हणून कुटुंब नंतर ने. एकटेपणा येईल, सोसवतो. आधी आउटपासची झेरॉक्स शोध. मूळ कागद नव्या पासपोर्टच्या वेळी जमा होतो.