दांडा हलका लागतोय की जड?

प्रश्न : नवी ग्रीस गन घेतली, डब्यातलं ग्रीस चमच्याने भरलं. दांडा सहज खालीवर होतो, पण टोकातून ग्रीसचा ठिपकाही येत नाही. गनच खराब निघाली का?

उत्तर : ‘सहज खालीवर होतो’ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे निदान तुमच्याच हाताने केलंय. दांडा हलका लागतो तेव्हा गनने हवा धरलेली असते. चमच्याने थापलेल्या ग्रीसमध्ये पोकळ्या राहतात. त्यातली एखादी पंपाच्या भोकासमोर आली की आतला दट्ट्या नुसती हवा दाबतो, हवा दबते आणि परत फुगते. ग्रीस जागचं हलत नाही.

डोक्यावर हवा सोडायचा छोटा स्क्रू असेल तर तो सैल करून ग्रीस दिसेपर्यंत दांडा मारा. नसेल तर नळकांडं डोक्यापासून एक-दोन आटे सैल करा, मागचा रॉड हाताने हलकेच आत रेटत दांडा मारा, फसफस थांबली की परत आवळा. पुढच्या वेळी चमचा नकोच. नळकांड्याचं उघडं तोंड ग्रीसमध्ये चांगलं बुडवा आणि रॉड सावकाश ओढा, म्हणजे ग्रीस ओढलं जातं आणि पोकळ्या राहत नाहीत.

हे सगळं करण्याआधी मागचा रॉड खाचेतून सोडलाय ना, तेवढं बघा. शिकाऊ असताना मी घामाघूम होईपर्यंत दांडा मारला होता. आमचे मिस्त्री शांतपणे बघत होते. शेवटी उठले, रॉड खाचेतून सोडला आणि एक शब्दही न बोलता परत जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रश्न : माझी अडचण उलटी आहे. दांडा दगडासारखा जड होतो आणि ग्रीस निपलमध्ये (मशीनवरच्या ग्रीस भरायच्या टोकात) न जाता कपलरच्या, म्हणजे गनच्या निपलला धरणाऱ्या तोंडाच्या, बाजूने बाहेर येतं.

उत्तर : जड दांडा म्हणजे पुढे रस्ता बंद. कुठे बंद, ते शोधायला खिशात एक सुटा नवा निपल ठेवा. कपलर त्यावर लावून दांडा मारा. आरपार ग्रीस आलं तर गन आणि कपलर दोन्ही ठीक, मशीनवरचा निपल गेलाय. तो बदलून टाका. निपलमधली इवलीशी गोळी सुईने टोचत बसण्यात मी उमेदीची बरीच वर्षं घालवली आहेत, तुम्ही घालवू नका.

नवा निपल लावूनही जात नसेल तर आतली वाट सुकलेल्या ग्रीसने बुजली असेल. निपल काढून तारेने ती मोकळी करा. पिन-बुशच्या सांध्यात, म्हणजे जिथे पिन बुश नावाच्या नळीत फिरते तिथे, आणखी एक गोष्ट होते. भार ज्या बाजूला असतो तिथे पिन बुशला चिकटून बसते आणि ग्रीसला शिरायला फट उरत नाही. सांध्यावरचा भार उचला, खाली भक्कम टेकू द्या आणि मग मारा. अडून बसलेला सांधा पुष्कळदा तिथेच ग्रीस घ्यायला लागतो.

सुट्या निपलवरही ग्रीस बाजूनेच आलं तर मात्र कपलरचे जबडे झिजलेत. कपलर सरळ ओढून उपटायची सवय असली की ते लवकर झिजतात. किंचित तिरका करा, अलगद सुटतो. आणि लावण्याआधी निपल फडक्याने पुसा, नाहीतर वरची माती तुम्हीच बेअरिंगमध्ये ढकलता.

गळती कुठे आहे ते बोटाने चाचपू नका. साध्या हातगनमध्येही काही शे बारचा दाब होतो. गनच्या होजला (नळीला) बारीक चीर असेल तर ग्रीस कातडीत घुसतं. सुरुवातीला सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस काम करत राहतो. तसं झालं तर सगळं टाकून तडक इस्पितळात जा आणि ‘दाबाखालचं ग्रीस आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.

प्रश्न : मोटरच्या बेअरिंगला किती ग्रीस मारायचं? सहकारी म्हणतो, बाहेर येईपर्यंत.

उत्तर : पिन-बुशला ते बरोबर आहे, मोटरला नाही. जादा ग्रीस बेअरिंगमध्ये घुसळून तापतं, सील फुटतं आणि ग्रीस वाइंडिंगपर्यंत (मोटरच्या तारांच्या गुंडाळ्यांपर्यंत) पोचतं. मोटरच्या पाटीवर प्रमाण दिलेलं असेल तर तेच धरा. नसेल तर बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले 0.005. उत्तर ग्रॅममध्ये येतं. 6308 क्रमांकाच्या बेअरिंगला 90 गुणिले 23 गुणिले 0.005, म्हणजे साधारण 10 ग्रॅम. आता तुमची गन एका दाबात किती देते? कागदावर दहा दाब मारून वजन करा. माझ्या गनने 8 ग्रॅम दिलं, म्हणून माझे तेरा दाब. तुमचे वेगळे असतील.

प्रश्न : निळं आणि पिवळं ग्रीस एकत्र चालेल का?

उत्तर : रंग म्हणजे नुसता रंग. ग्रीसला घट्ट करणारा आतला साबण किंवा तसा पदार्थ कुठला, ते डब्यावर वाचा. लिथियम आणि पॉलियुरिया एकत्र आले की मिश्रण बहुधा पातळ होऊन वाहून जातं. डब्यावरचा ‘2’ हा आकडा घट्टपणाचा, त्यावरून जात कळत नाही.

प्रश्न : टांगून ठेवलेल्या गनमधून तेल ठिबकतं.

उत्तर : ग्रीस म्हणजे साबणाच्या स्पंजमध्ये धरलेलं तेल. आतली स्प्रिंग रात्रभर तो स्पंज पिळत राहते. काम संपलं की रॉड मागे ओढून खाचेत अडकवा. सकाळी सोडायला मात्र विसरू नका, नाहीतर पुढच्या अंकासाठी तुमचं पत्र येईल, पहिल्या प्रश्नाचं.