उडी ४० इंचांची, थ्री ३० टक्के: असा कॉलेज खेळाडू एनबीएत टिकेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधला एक विंग (मैदानाच्या कडेने खेळणारा, मध्यम उंचीचा खेळाडू), धावत येऊन उडी ४० इंचांची, डंकच्या (उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबण्याच्या) क्लिपा सगळीकडे फिरतायत, पण थ्री, म्हणजे रेषेबाहेरून मारायचा तीन गुणांचा शॉट, जेमतेम ३० टक्के. त्याचा खेळ किती सुधारेल आणि एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, त्याला जागा आहे का?

असं कुणी विचारलं की कुणीतरी हमखास ऐकवतं, "शॉट शिकवता येतो, उडी शिकवता येत नाही. कवाय लेनर्ड बघा." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्यामुळे आधी कवायचंच प्रकरण काढतो, तुमच्या खेळाडूकडे नंतर येऊ.

कवाय सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाकडून दोन हंगाम खेळला, २००९ ते २०११. थ्री पहिल्या वर्षी २१ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या वर्षी २९. २०११ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) तो १५ वा गेला. इंडियानाने निवडला आणि सॅन अँटोनियो स्पर्सने आपला तेव्हाचा प्रशिक्षक पोपोविच याचा लाडका गार्ड जॉर्ज हिल देऊन त्याला आपल्याकडे घेतला. पहिल्याच एनबीए हंगामात थ्री ३७.६ टक्के. २०१४ मध्ये फायनल्सचा एमव्हीपी, म्हणजे अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू. इथपर्यंत सगळे सांगतात.

पुढचं कुणी सांगत नाही. ड्राफ्टआधीच्या चाचणीत कवायची धावत येऊन मारलेली उडी होती ३२ इंच. एनबीएच्या विंगमध्ये या आकड्याकडे कुणी वळूनही बघत नाही. त्याच्याकडे होतं ते वेगळंच: बूट घालून ६ फूट ७ इंच उंची, त्यावर दोन्ही हात पसरले की ७ फूट ३ इंच, ११ इंचांहून रुंद पंजा, आणि दुसऱ्या वर्षी सामन्यामागे १० च्या वर रिबाउंड. म्हणजे उडीच्या बाजूने साक्ष द्यायला ज्याला उभं करतात तो मुळात उडीवाला नव्हताच.

आणि त्याला शॉट "शिकवला" म्हणजे नेमकं काय केलं? त्याचा शॉट मोडका नव्हता. कॉलेजात फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, कुणी न अडवता मारायचे शॉट) आधी ७३, मग ७६ टक्क्यांच्या घरात होते. हात बरा होता, बॉल सुटायची जागा चुकत होती. स्पर्सचा शूटिंग प्रशिक्षक चिप एंगलंड याने तेवढंच धरलं: बॉल डोक्यावरून मागे जात होता, तो थोडा खाली आणि पुढे आणला. मुळापासून नवा शॉट बांधला नाही. बांधायला वेळही नव्हता, कारण ड्राफ्टनंतर आठवडाभरात, १ जुलैला, लॉकआउट लागला (करारावरून वाद होऊन मालकांनी लीगच बंद ठेवली) आणि संघाच्या लोकांना खेळाडूंशी बोलायचीही बंदी आली. मधल्या मोजक्या दिवसांत जे दाखवलं ते कवायने पुढचे काही महिने एकट्याने घोटलं. मग हंगामात त्याला थ्री दिले ते बहुतेक कोपऱ्यातून, पास आला की लगेच मारायचे. कोपऱ्यात एनबीएची रेषा २२ फुटांवर असते, समोर २३ फूट ९ इंचांवर. ड्रिबल करून, अंगावर माणूस असताना मारायचे शॉट बऱ्याच नंतर आले.

तेव्हा तुमच्या खेळाडूची थ्रीची टक्केवारी बाजूला ठेवा. तिचा तसाही फारसा उपयोग नाही. समजा त्याने हंगामात ८० थ्री मारले आणि २४ पडले. हाच हात, हाच शॉट, नुसत्या नशिबाच्या फरकाने १६ किंवा ३२ पडले असते तरी आश्चर्य नको. म्हणजे २० टक्के आणि ४० टक्के यांतलं काहीही. ३० या आकड्यावर भांडणाऱ्यांना हे कधी पटत नाही. फ्री थ्रो बघा, सगळ्या हंगामांचे मिळून. १५ फूट, अंगावर कुणी नाही, तोच बॉल, तीच रिंग. ७२ च्या वर असेल तर हातात काहीतरी आहे. ६० च्या आसपास असेल तर मला काळजी वाटते. रिंगपासून ६ ते १० फुटांवर तो फ्लोटर (धावताना हलकेच उंच उडवलेला शॉट) टाकतो का, बोर्डावरून हलक्या हाताने लेअप (रिंगजवळून बॉल अलगद घालणं) घालतो का, तेही बघा. ज्याची प्रत्येक बास्केट डंकच असते, त्याच्या बोटांबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नसतं.

उंच उडणाऱ्या मुलांचा शॉट बिघडतो तोही ठरावीक तऱ्हेने. शॉट मारतानाही ती पूर्ण उडी मारतात आणि बॉल सोडतात अगदी वर पोचल्यावर, कधी खाली येताना. तोवर पायांचा जोर संपलेला असतो, सगळं काम खांदा आणि कोपर करतात. पहिल्या हाफमध्ये पडतं, दुसऱ्यात बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतो. उपाय कंटाळवाणा आहे: शॉटमधली उडी निम्म्यावर आणायची आणि बॉल वर जातानाच सोडायचा. सुरुवात ४–५ फुटांवरून, एका हाताने, दुसरा हात पाठीमागे. मग फ्री थ्रो लाइन. मग कोपरा. मोजायचे ते पडलेले, मारलेले नाहीत. चुकलेला बॉल कुठे जातो ते लिहून ठेवायचं. डावी-उजवीकडे जात असेल तर दोष कोपराचा, नाहीतर आधार देणाऱ्या हाताच्या अंगठ्याचा. तो अंगठा शेवटच्या क्षणी बॉलला ढकलतो. तोकडा किंवा लांब जात असेल तर पाय आणि वेळ. या दोन दोषांवर एकच औषध देणारे प्रशिक्षक मुलांची वर्षं फुकट घालवतात. अंतर वाढलं की बॉल कमरेपर्यंत खाली नेऊन जोर मिळवायची सवय लागते, तीही तिथल्या तिथे मोडायची. कॉलेजात तेवढी उसंत मिळते, एनबीएत अंगावर येणारा माणूस तोवर पोचलेला असतो.

यात किती काळ जातो? प्रामाणिकपणे, दोन ऑफ-सीझन, म्हणजे दोन हंगामांमधले सुट्टीचे काळ. पहिल्यात टक्केवारी बहुधा घसरते, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी घाबरून जुना शॉट परत आणतं.

शॉट नसेल तर काय होतं हे बघायचं तर आंद्रे रॉबर्सन. कोलोराडो विद्यापीठाचा, २०१३ च्या ड्राफ्टमध्ये २६ वा, ओक्लाहोमा सिटीकडे. बचाव इतका चांगला की २०१७ मध्ये ऑल-डिफेन्सिव्ह (लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या) दुसऱ्या संघात आला. त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने त्याला मुद्दाम फाउल करायला सुरुवात केली. पूर्ण मालिकेत फ्री थ्रो २१ पैकी ३. ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनला रोखायला तो मैदानात हवा, आणि आक्रमणात तो मैदानात परवडत नाही. हा पेच कुठल्याही उडीने सुटत नाही.

उडीबद्दलही दोन गोष्टी. चाचणीतली उडी धावत येऊन, मोकळ्या जागेत मारलेली असते. सामन्यात कामाची उडी म्हणजे गर्दीत, दोन पायांवर, एकही पाऊल न घेता मारलेली, आणि तिच्यामागोमाग लगेच दुसरी. पहिल्या उडीत ब्लॉक हुकला तर दुसरीत रिबाउंड मिळतो का, हे बघा. त्याहून महत्त्वाचं थांबणं. शूटरच्या अंगावर धावत जाऊन दोन छोट्या पावलांत थांबता येणं आणि तिथून आडवं सरकता येणं. अफाट वेगवान मुलं इथेच उघडी पडतात, शूटर नुसता हूल देतो आणि ही हवेत. एनबीएत बचाव करणाऱ्याला कुणाला न धरता रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, कॉलेजात हा नियम नाही. त्यामुळे कॉलेजात रिंगजवळ उभं राहून ब्लॉकचे आकडे वाढवणारा विंग वर गेला की गायब होतो. स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले बॉल) आणि आक्रमणातले रिबाउंड मात्र बऱ्यापैकी सोबत जातात.

शरीराचं एकच सांगतो, गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा (टेंडन). रोज डंक मारणाऱ्या मुलांची तीच आधी दुखते. वेदना असताना ४५ सेकंदांचे स्थिर ताण, पाच वेळा, मग जड वजन सावकाश, आणि आठवड्यातल्या एकूण उड्या मोजून कमी करणं. क्लिपसाठी मारलेल्या उड्यासुद्धा त्यात धरायच्या.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं नाव, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच: जेलन ब्राउन. कॅलिफोर्नियात, बर्कलीला, एकच वर्ष. थ्री २९, फ्री थ्रो ६५, सामन्यामागे असिस्ट (बास्केट घडवणारे पास) २ आणि टर्नओव्हर (गमावलेले बॉल) ३. कागदावर मी ज्याला नको म्हटलं असतं नेमका तसा. बोस्टनने २०१६ मध्ये तिसरा घेतला. दुसऱ्या हंगामात थ्री ३९.५ टक्के, आणि फ्री थ्रो तेव्हाही ६४ च! २०२४ मध्ये फायनल्सचा एमव्हीपी. तेव्हा फ्री थ्रोचा निकष पक्का नाही, मान्य. पण ब्राउन १९ वर्षांचा होता. तुमचा खेळाडू किती वर्षांचा आहे हे तुम्ही लिहिलेलंच नाही. तो २२ चा असेल तर ब्राउनचं नाव काढू नका.

ड्राफ्टला यंदा जायचं की थांबायचं, याचं उत्तर बरंचसं फेरीवर आहे. पहिल्या फेरीत दोन वर्षांचा पगार पक्का. दुसऱ्या फेरीत काहीच पक्कं नाही, अनेकदा टू-वे करार, म्हणजे बराचसा काळ जी लीगमध्ये (एनबीएची दुय्यम लीग) आणि मुख्य संघासोबत जास्तीत जास्त ५० सामने. हमिदू डियालो २०१७ च्या चाचणीत ४४.५ इंच उडाला, तेव्हा कॉलेजात एकही सामना खेळला नव्हता. लोक त्याला पहिल्या फेरीत धरत होते. नाव मागे घेतलं, केंटकीकडून वर्षभर खेळला, फ्री थ्रो ६० च्या जरा वर, आणि २०१८ मध्ये ४५ वा गेला. २०१९ ची डंक स्पर्धा जिंकली, पण २०२३ नंतर एनबीएत पक्की जागा राहिली नाही. यावरून कुणी म्हणेल, मग खेळ दिसायच्या आत जावं. पूर्वी मीही हो म्हटलं असतं. पण २०२५ पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, २०२५-२६ मध्ये एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि चांगल्या विंगला त्यातून टू-वे करारापेक्षा जास्त मिळू शकतं. तेव्हा त्याने ड्राफ्टला नाव द्यावं, चाचणीला जावं, संघांकडून तोंडावर ऐकून घ्यावं, आणि पहिल्या फेरीचा शब्द मिळाला नाही तर चाचणीनंतर दहा दिवसांच्या आत नाव मागे घेऊन कॉलेजला परतावं. ती मुदत उलटली की परतीचा दरवाजा बंद.