मुलांना ऐतिहासिक व्यक्तींबद्दल स्वतःचं मत मांडायला कसं शिकवावं?

सहावी-सातवीची मुलं ऐतिहासिक व्यक्तींबद्दल पुस्तकातलीच वाक्यं घोकून दाखवतात, स्वतःचं काही बोलत नाहीत, ही तुमची तक्रार मला चांगलीच ओळखीची आहे. मी इतिहास शिकवते. पूर्वी मी ‘नेपोलियन थोर होता का?’ असं विचारायचे आणि अख्खा वर्ग एका सुरात ‘हो बाई!’ म्हणायचा. फसलेला होता तो प्रश्न. एवढ्या मोठ्या आयुष्याचा एका शब्दात निकाल लावायला सांगितला की मुलं आपल्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतात.

आता मी माणसाबद्दल विचारतच नाही, एखाद्या निर्णयाबद्दल विचारते. माझा हुकमी माणूस म्हणजे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रित्झ हाबर. मुलांनी त्याचं नाव ऐकलेलं नसतं, त्यामुळे कुणाच्या भावना दुखावत नाहीत. प्रश्न असा : १९१८चं नोबेल त्याला द्यायला हवं होतं का?

माहिती तीन चिठ्ठ्यांमधून देते. पहिली : हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत त्याने शोधली, त्यातून रासायनिक खत आलं आणि कोट्यवधी लोकांचं पोट भरलं. दुसरी : पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५मध्ये, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ शत्रूच्या खंदकांवर क्लोरीन वायू सोडला गेला, तो त्याच्याच देखरेखीखाली. इथे मुलं लगेच ‘खत चांगलं, वायू वाईट’ अशी वाटणी करून मोकळी होतात. मग तिसरी : त्याच अमोनियापासून युद्धात स्फोटकंही बनली. वर्ग गप्प होतो. ही शांतता मोडायची घाई करू नका.

प्रत्येक चिठ्ठीनंतर आधी वहीत दोन ओळी लिहायच्या, त्यातल्या एकीत ‘कारण’ हा शब्द हवाच. मगच उठून ‘हो’च्या किंवा ‘नाही’च्या भिंतीकडे जायचं. लिहिण्याआधी उठवलं तर सगळे वर्गातल्या हुशार मुलाच्या मागे जातात. भिंत कितीही वेळा बदलता येते, फक्त कशामुळे बदलली ते सांगायचं. खोडून काढायचं असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि तो ‘हो, असंच’ म्हणाला की पुढे बोलायचं. बुजऱ्या मुलांच्या ओळी मी नाव न घेता वाचते. गुण कारणांना, बाजूला नाही.

‘त्या काळी सगळे तसेच होते’ हे वाक्य येणारच. मग मी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक थॉमस जेफरसन काढते. १७७६मध्ये ‘सर्व माणसं समान’ लिहिणाऱ्या या गृहस्थाकडे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. पण त्याच्या हयातीतच, १७८०मध्ये, अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनिया राज्याने गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला. म्हणजे ‘सगळे’ तसे नव्हते. हे कळल्यावर मुलं ते वाक्य जपून वापरतात.

ज्यांची तसबीर मुलांच्या घरात असते, त्या व्यक्ती मी सहामाहीनंतर घेते, तोवर ही शिस्त अंगवळणी पडलेली असते. आणि माझं मत? मुलं शेवटपर्यंत खोदून विचारतात. मी दार उघडून दोन्ही भिंतींच्या मधोमध उभी राहते, तेवढ्यात घंटा होते.