काळ्या रंगावरच्या पॉलिशच्या खुणा

प्रश्न : माझ्या काळ्या गाडीला ड्युअल ॲक्शन मशीनने पॉलिश केल्यावर ओरखडे गेले, पण उन्हात बॉनेटवर बारीक धूसर रेघा दिसतात. त्या कशा घालवाव्यात? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या गाडीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मऊ असावा, अशा रंगावर कटिंग कंपाऊंड (खरखरीत कणांचे पॉलिश) आणि मायक्रोफायबर पॅड ओरखडे झटपट काढतात, पण स्वतःच्या खुणा मागे ठेवतात. आता मऊ फोमचा फिनिशिंग पॅड आणि अतिसूक्ष्म कणांचे फिनिशिंग पॉलिश घ्यावे, आधी छोट्याशा भागावर करून पाहावे, आणि शेवटचे हात कमी वेगात, केवळ मशीनच्या वजनावर सावकाश फिरवावेत. पॅडची स्वच्छता मला सर्वांत महत्त्वाची वाटते : निघालेला रंग आणि वाळलेले पॉलिश फोममध्ये साचले की तेच नव्या रेघा ओढतात, म्हणून प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने झाडावा आणि जड झाला की बदलावा. पॉलिशमधील तेल रेघा झाकते. त्यामुळे पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग, मुळीच न रगडता, मऊ कापडाने पुसून टॉर्चच्या उजेडात तपासावा. रेघा तरीही राहिल्या, तर दाब न वाढवता पॅड किंवा पॉलिश बदलावे, कारण पॉलिशने क्लिअर कोट झिजतो आणि तो साधारण ४०-५० मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो.