टाकी गळलेलं गॅस स्टेशन घेताना 'माती काढली, आता फक्त मॉनिटरिंग उरलंय' यावर किती भरवसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत एक चालू गॅस स्टेशन घ्यायचं चाललं आहे. नव्वदच्या दशकात तिथली टाकी गळली होती, पण टाकी आणि माती दोन्ही काढली, आता फक्त मॉनिटरिंग उरलंय, असं विकणारा सांगतो. मी इथे याच कामात आहे. बोअर मारायचे, पाण्याचे नमुने घ्यायचे आणि रिपोर्ट लिहायचे. तो कदाचित खरंच बोलत असेल, पण त्या 'फक्त'मध्ये बरंच काही दडलेलं असू शकतं.

जुन्या टाक्या एकेरी पोलादी पत्र्याच्या असायच्या आणि जमिनीत गंजायच्या. 1988च्या फेडरल नियमांनी त्या सुधारायला किंवा बंद करायला डिसेंबर 1998ची मुदत दिली. त्यामुळे त्या दहा वर्षांत ढिगाने टाक्या उकरल्या गेल्या आणि ढिगाने भोकंही सापडली. माती उकरणं दिसायला मोठं काम, पण सगळ्यात सोपं तेच. एक्स्कॅव्हेटर भूजल लागेपर्यंत जातो, कॅनॉपीच्या, म्हणजे पंपांवरच्या छपराच्या, पायापाशी थांबतो, रस्त्याखाली तर जातच नाही. म्हणून खड्ड्याच्या तळातून आणि कडांमधून शेवटी घेतलेल्या नमुन्यांचा नकाशा मागा. कडा स्वच्छ नसतील तर पेट्रोल पलीकडे उरलंय.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते भूजलावर तरंगतं. पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे खालीवर होते आणि तेवढा मातीचा पट्टा माखून जातो. मग स्वच्छ दिसणाऱ्या मॉनिटरिंग वेलमध्ये, म्हणजे पाणी तपासायच्या बोअरमध्ये, एखाद्या कोरड्या वर्षी पुन्हा तवंग दिसतो. त्यातलं बेंझीन मात्र पाण्यात विरघळून पुढे सरकतं. पिण्याच्या पाण्यात त्याची फेडरल मर्यादा 5 पीपीबी आहे. न्यू जर्सीत 1, म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग. तुमची गळती नव्वदच्या दशकातली असल्याने एमटीबीईही बघा. राज्यात 2009पासून बंदी येईपर्यंत ते पेट्रोलमध्ये मिसळलं जायचं. ते मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर पळतं, आणि जिवाणू ते सावकाश खातात.

जागा राज्यात कुठे आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्याने फार फरक पडतो. दक्षिणेत वाळू आहे. तिथे प्रदूषण कुठे जाईल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. एडिसनच्या बाजूला लाल शेल आहे आणि पाणी त्याच्या भेगांमधून वाट काढतं. वॉचुंगच्या टेकड्या तर आपल्या सह्याद्रीसारख्या बेसाल्टच्या. गावाकडे शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागतं आणि आपल्या बोअरमधून नुसता फुफाटा निघतो, तोच प्रकार इथेही होतो. अशा खडकात तीनचार वेल मारून 'प्रदूषण एवढंच आहे' म्हणणाऱ्या रिपोर्टवर माझा तरी विश्वास बसत नाही.

उपाय पुष्कळ आहेत. भूजलाच्या वरच्या मातीतली वाफ पंपाने ओढून घेतात, भूजलात हवा सोडतात. वाळूत हे छान चालतं, चिकणमातीत हवाच पुढे सरकत नाही. पाणी उपसून कार्बनमधून गाळलं की फैलाव थांबतो, पण पंप बंद केला की आकडे पुन्हा चढल्याचं अनेकदा दिसतं. परसल्फेटसारखी रसायनं किंवा हळूहळू ऑक्सिजन सोडणारी पावडर बोअरमधून आत सोडतात. शेवटी बरंचसं काम मातीतले जिवाणूच करतात आणि ती रीत नियमांत बसते. पण मूळ साठा निघालेला हवा आणि आकडे दर वर्षी उतरते हवेत. वर्षानुवर्षं रेघ सपाट असेल तर खाली अजून पेट्रोल आहे असं धरून चाला.

आता कागद. 2009च्या कायद्यानंतर इथे एलएसआरपी, म्हणजे परवानाधारक तज्ज्ञ, साफसफाईची देखरेख करतो आणि काम संपलं की आरएओ, म्हणजे साफसफाई पूर्ण झाल्याचं पत्र, देतो. तो पूर्ण जागेसाठी आहे की एकाच टाकीपुरता, हे नीट वाचा. भूजलासाठी सीईए (इथलं पाणी अजून मर्यादेत नाही अशी सरकारी नोंद) किंवा मातीसाठी डीड नोटिस (प्रदूषण उरल्याची जमिनीच्या कागदांवरची नोंद) असेल तर सोबत परमिट येतं. जागा घेतलीत की त्या परमिटवर तुमचं नाव लागतं आणि दर दोन वर्षांनी सर्टिफिकेशन द्यावं लागतं.

आणि मुख्य गोष्ट. स्पिल अ‍ॅक्ट, म्हणजे प्रदूषणाची जबाबदारी ठरवणारा राज्याचा कायदा, त्याखाली निर्दोष खरेदीदाराला संरक्षण आहे, पण ते ज्याला प्रदूषण ठाऊक नव्हतं त्याला. तुम्हाला विकणाऱ्यानेच सांगितलंय! त्यामुळे ती वाट तुम्हाला बहुधा बंद आहे. बँकेसाठी केलेला फेज वन, म्हणजे जागेच्या इतिहासाची पर्यावरण तपासणी, तोसुद्धा राज्याच्या नियमांप्रमाणे करायच्या प्राथमिक तपासणीची (प्रिलिमिनरी असेसमेंट) जागा घेत नाही. एन्व्हायर्नमेंटल कामं करणारा अ‍ॅटर्नी गाठा. उरलेला खर्च कोणाचा हे करारात लिहून घ्या आणि तेवढी रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाईताकडे राखून, ठेवायला लावा. क्लोजिंगआधी, म्हणजे व्यवहार पूर्ण व्हायच्या आत, तुमचा स्वतःचा एलएसआरपी नेमून फाइल वाचून घ्या आणि सध्याच्या टाक्यांभोवती नवे नमुनेही घ्या. नाहीतर उद्या नवी गळती झाली तर जुनी कुठली नि नवी कुठली, हा वाद तुमच्या अंगावर येईल.

विकणारा रिपोर्ट द्यायला टाळाटाळ करत असेल तर अडून राहू नका. ओप्रा, म्हणजे सरकारी कागद मागायचा राज्याचा कायदा, त्याखाली डीईपीकडे (राज्याच्या पर्यावरण खात्याकडे) अर्ज केला की त्या जागेची फाइल मागता येते.