घरात चिवचिव, शाळेत चिडीचूप

प्रश्न: माझी मुलगी सात वर्षांची. आम्ही खानापूर तालुक्यातले. यंदा जूनमध्ये बेळगावात राहायला आलो आणि तिला गावच्या मराठी शाळेतून काढून दुसरीला इंग्लिश मीडियममध्ये घातलं. घरात तिचं तोंड मिटत नाही, पण शाळेत दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत एक शब्द बोललेली नाही. बाकावरची मुलगी आमच्याच गल्लीतली, मराठी बोलणारी; तिच्याशीही नाही. गेटाच्या आत गेलं की माझ्याशीसुद्धा नुसती मान हलवते. गावातही बाई म्हणायच्या, पोरगी लाजरी आहे. सायकल घेऊन देते म्हटलं, उपयोग झाला नाही. आता शाळेच्या कौन्सेलर मॅडमनी बोलावलंय. मिस्टर म्हणतात, एकदा नाव गेलं की पोरीवर शिक्का बसतो. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागलीय, यल्लम्माला जाऊन येऊ. मॅडम करतात तरी काय? जाऊ का?
– एक आई, बेळगाव

उत्तर: ताई, जा. पण पहिल्या भेटीला मुलीला नेऊ नका. तुम्ही दोघं जा आणि दोन गोष्टी घेऊन जा. एक, ती घरात बडबडत असतानाचा दोनेक मिनिटांचा मोबाईल व्हिडिओ. तिला ऐकू येतं, वाचा स्पष्ट आहे, वाक्यं वयाप्रमाणे जुळतात, हे मॅडमना त्यावरून कळेल. दुसरी, एक कागद: ती कोणाशी मोकळं बोलते, कोणाशी कुजबुजते, कोणाशी अजिबात नाही, घरात, गल्लीत, दुकानात, गाडीत, गेटावर. हा कागद नसला की पहिल्या दोन-तीन भेटी नुसत्या चौकशीतच जातात.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ गेटाची आहे. नवी भाषा कानावर पडली की पुष्कळ मुलं काही महिने गप्प होतात. तुमच्या लेकीवर तर कानडीच्या जोडीला इंग्रजीतून शिकणंही आलं. 2015च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कानडी शिकवावीच लागते. पण भाषेमुळे गप्प झालेलं मूल आपल्या भाषेचं कोणी भेटलं की खुलतं, हसतं, खाणाखुणा करतं. तुमची मुलगी मराठी मैत्रिणीशी बोलत नाही, शाळेच्या आवारात आईशीही नाही, आणि हे गावापासूनचं आहे. पत्रावरून निदान होत नसतं, पण ही लक्षणं ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’कडे (निवडक मौनाकडे) बोट दाखवतात. शाळेतला पहिला महिना सोडून निदान महिनाभर असं चाललं आणि भाषा न येणं हे त्याचं कारण नसलं, तर तो विचार करतात. नाव जरा फसवं आहे. मूल निवडून गप्प बसत नाही. भीतीनं त्याचा आवाजच निघत नाही. सायकलीनं काम झालं नाही ते म्हणूनच. उलट सायकलही गेली आणि बोलताही आलं नाही, असा दुहेरी भार तिच्यावर पडला.

कौन्सेलर डॉक्टर नसते. औषध देत नाही, वेडाचा दाखला देत नाही, आणि शाळेच्या दाखल्यावर याचा रकानाही नसतो. मिस्टरांना सोबत न्या आणि तिथंच विचारायला सांगा: काय लिहून ठेवता, कोण वाचतं, आम्हाला दाखवाल का? नीट काम करणारी बाई याचं सरळ उत्तर देते. गुप्ततेला एक अपवाद आहे, तोही ऐकून घ्या. मुलाशी कोणी लैंगिक गैरवर्तन केलंय असं कळलं, तर 2012च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तिला ते पोलिसांना कळवावंच लागतं.

आता करतात काय ते. चांगली कौन्सेलर मुलीला समोर बसवून ‘बोल गं बाळ’ म्हणत नाही. तिचं खरं साधन तुम्ही आहात. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही दोघीच, दार लावून, घरातला खेळ मांडायचा: सापशिडी, सागरगोटे, ज्यात आकडे आपोआप तोंडात येतात असा कुठलाही. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ती घरच्या आवाजात बोलायला लागली, की मगच मॅडम बाहेर व्हरांड्यात. मग दार उघडं. मग मॅडम खोलीत, लांबच्या कोपऱ्यात पाठ करून काहीतरी लिहीत. मग एकेक बाक जवळ. मग खेळात: तुम्ही एक, ती दोन, मॅडम तीन. त्यानंतर तुम्ही हळूहळू लांब सरकायचं. मॅडमशी जमलं की अशाच पायऱ्यांनी वर्गाच्या टीचर, मग बाकावरची मैत्रीण.

नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माणूस बदललं तर खोली तीच, खोली बदलली तर माणसं तीच. बिघडतं ते इथंच. दोन दिवस बरे गेले की टीचर उत्साहानं आत येतात, सोबत आणखी दोन मुली, आणि मूल पुन्हा मिटतं. दुसरी चूक कौतुकाची. पहिला शब्द ऐकून ‘अगो बाई, बोललीस की!’ म्हटलं, की सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, आणि महिन्याची मेहनत पाण्यात. शब्द आला तर खेळ पुढं चालू ठेवायचा, बस्स. सुट्टीनंतर एक पायरी मागून सुरू करायचं. ती घसरण नव्हे.

प्रश्न विचारताना ‘पाणी हवं का?’ नको, त्याला मान पुरते. ‘लाल खडू की निळा?’ असं विचारा आणि मनात पाच आकडे मोजा. आपण मोठी माणसं दुसऱ्या आकड्यालाच उत्तर देऊन मोकळे होतो. ती तुमच्या कानात कुजबुजते आणि तुम्ही दुभाषी होता, हेही हळूहळू सोडायला हवं, पण आत्ताच नको.

शाळेकडून मागून घ्यायच्या गोष्टी वेगळ्या. हजेरीला ‘प्रेझेंट मिस’ऐवजी हात वर. तोंडी परीक्षेला घरी मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं वाचन, किंवा बोट दाखवून उत्तर. कोणी ‘मुकी’ म्हणालं तर टीचरनी शांतपणे ‘ती बोलते, इथं अजून नाही’ एवढंच म्हणावं. आणि पहिला शब्द मराठीत आला तर मराठीतच चालवून घ्यायचा, इंग्लिशचा आग्रह नंतर. ‘घरी इंग्लिशच बोला’ असा सल्ला कोणी दिला तर तो सोडून द्या. जिथं तिचा आवाज मोकळा आहे ती एकच जागा तुम्ही कशाला बंद करता?

तीनेक महिने नेमानं करूनही एक पायरी सरकली नाही, किंवा ती घरातही गप्प होऊ लागली, तर थांबू नका. धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी मानसोपचार संस्थेत दाखवा. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या फुकट नंबरवर विचारता येतं. ज्यांच्या सरकारी मराठी शाळेत कौन्सेलर नाही, त्यांनी बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात समावेशक शिक्षणाचे शिक्षक कोण, ते विचारावं. वरच्या पायऱ्या समजून घेतलेली वर्गशिक्षिकाही चालवू शकते.

सासूबाईंना दुखवायचं कारण नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाऊन या. फक्त देवळात, गाडीत, पाहुण्यांसमोर ‘पोरीला बोलता येत नाही, पदरात घे’ हे तिच्या कानावर पडू देऊ नका.

आणि मॅडमची भेट होईपर्यंत शाळेतून आल्यावर पाण्याची बाटली बघा. भरलेलीच परत येत असेल, तर ती बाथरूमला जायचं सांगता येत नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही, असं धरा. टीचरना सांगून तिच्या कंपासपेटीत एक लाल कार्ड ठेवा. ते बाकावर ठेवलं की न विचारता उठून जायचं.